एक लेडीज आल्या होत्या

वेलांटी

काल संध्याकाळी ब्लाऊज शिवायला टाकायला गेले होते. टेलरमास्तर कापडावर खडूने रेघा ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "दहा मिनिटं बसा मॅडम. तुमच्या आधी एक लेडीज आल्या होत्या, त्यांचं अर्जंट आहे, तेवढं कापून घेतो."

मी सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर चष्मा बदलला, सवय काही बदलली नाही. म्हटलं, "मास्तर, एक असेल तर लेडी म्हणावं. लेडीज म्हणजे पुष्कळ बायका." मास्तरांनी खडू थांबवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि पुन्हा रेघ ओढायला लागले. बाकावर काजं करत बसलेली त्यांची मुलगी तोंड फिरवून हसली, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

घरी येईपर्यंत डोक्यात यादीच तयार झाली. चपलांच्या दुकानात "हा शूज घालून बघा, एकदम हलकाय" असं म्हणतात. हातात एकच असला तरी तो शूजच. भाचीचा मेसेज येतो, "मावशी, एक रील्स पाठवलीय, बघ ना." नातवाच्या शाळेत मीटिंगला गेले तर बाई सांगत होत्या, "काल एका पेरेंट्सनी विचारलं..." नको तिथे एस चिकटवतात आणि हवा तिथे गिळतात. "वन ऑफ माय फ्रेंड" हा गिळण्यातला प्रकार. "हा एक क्रायटेरिया आहे" म्हणणाऱ्यांना तर मी आता काही बोलतच नाही, कारण क्रायटेरियन म्हटलं की मलाच वेड्यात काढतात.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली, "जुने फर्निचर्स व इक्विपमेंट्स जिन्यात ठेवू नयेत." मी लाल पेनाने दोन्ही एस उडवले. दुसऱ्या दिवशी जिन्यातलं कपाट होतं तिथेच होतं, नोटीस तेवढी नवीन लागली होती. फर्निचर्ससकट.

हे सगळं मी एक वेळ पोटात घालेन. पण गणपतीच्या दिवसांत मिठाईच्या दुकानाबाहेर "उकडीचे मोदक्स मिळतील" असा फलक बघितला आणि पाय तिथेच थबकले. एक मोदक, एकवीस मोदक. ज्या शब्दाला अनेकवचनासाठी काडीचाही त्रास घ्यावा लागत नाही, त्याला हे शेपूट कशाला?

तुमच्या कानाला काय टोचतं? चिडायची पूर्ण मुभा आहे. शुद्धलेखन मात्र सांभाळा, मी वाचणार आहे.


शेंगदाणा

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्न्स नव्हे.

आमच्या हापिसातल्या इंग्रजीला एसचा आजार नाही, दुसरे बरेच आहेत. रोज एक तरी मेल येतो, "प्लीज रिव्हर्ट बॅक." रिव्हर्ट होणं म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, वर आणखी बॅक. म्हणजे साहेबांनी सोमवारी मेल टाकला की मी शुक्रवार संध्याकाळच्या अवस्थेत परत जायचं. माझी तयारी आहे, हुकूम लेखी द्यावा. मुलाखतीला येणारी पोरं "आय पास्ड आउट इन २०१९" म्हणून सुरुवात करतात. इंग्लंडात कोणी ऐकलं तर कांदा हुंगवायला धावेल.

"प्रीपोन"बद्दल मात्र वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. पोस्टपोन चालतं तर प्रीपोनने काय घोडं मारलंय? ऑक्सफर्डवाल्यांनीसुद्धा कोशात घेतलाय. आपल्या मीटिंगा अलीकडे ओढल्या जातात, तर त्याला शब्द नको?

(मीटिंगा. वेलांटीताई, बघा, मराठी अनेकवचन केलंय.)


मधली_सुट्टी

मी शाळेत शिकवते, त्यामुळे "एका पेरेंट्सनी" म्हणणारी बाई मीही असू शकते. आधीच क्षमा मागून ठेवते.

सहावीच्या चाचणीत मी "वचन बदला" या प्रश्नात वाक्य दिलं होतं, "बस थांबली." उत्तरं आली ती अशी: बसेस थांबल्या, बसा थांबल्या, बस थांबल्या, बसगाड्या थांबल्या आणि एकाने लिहिलं, बशी थांबल्या. शिक्षकखोलीत त्यावर अर्धा तास वाद झाला. नियमाने बघितलं तर वाट-वाटा, भिंत-भिंती या चालीवर स्त्रीलिंगी शब्दाला आ किंवा ई लागायला हवा. बॅग-बॅगा झालं, फाइल-फायली झालं, सायकल-सायकली झालं. मग बस-बसा का होऊ नये? तर बसा म्हटलं की माणसं खाली बसतात म्हणून! "स्टँडात चार बसा उभ्या आहेत" हे वाक्य म्हणून बघा. बसा आणि उभ्या, दोन्ही एकदम.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला धावली. तेव्हापासून गावोगाव बस पोचली, तिचं अनेकवचन अजून डेपोतच आहे. वर्तमानपत्रवाले "बसगाड्या" लिहून अंग काढून घेतात. मी बसगाड्यांना पूर्ण गुण दिले, बसेसला दिले, आणि बसालाही दिले, कारण त्या पोराने नियम बरोबर लावला होता. बशीवाल्याला गुण नाहीत, पण चहा पाजावासा वाटला.


रोखपाल

वरच्या बाईंच्या प्रतिसादावरून आठवलं. मी आयुष्यभर बँकेच्या खिडकीमागे बसलो. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते आमच्या साहेबलोकांच्या तोंडी कायम असायचं. साहेब इंग्रजी झाडणारे, पण मराठीत बोलताना त्यांच्याही तोंडून "बँका"च निघायचं. बँक्स म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

आता गंमत बघा. नोट-नोटा. पण अभ्यासाच्या असतात त्या नोट्स. इंग्रजी शब्द एकच, मराठीत त्याची अनेकवचनं दोन, आणि अडाणी-शहाणा कोणीही त्यात घोटाळा करत नाही. नोटा मोजायच्या, नोट्स झेरॉक्स करायच्या. माझ्या खिडकीवर कोणीही कधी "पाचशेच्या नोट्स द्या" म्हणालं नाही. २०१६च्या नोव्हेंबरात हिंदी वाहिन्यांवर नोटबंदी चालली होती, तेव्हा आपल्याकडे कितीतरी ठिकाणी "नोटाबंदी" छापून येत होतं. मराठीने बंदीतसुद्धा अनेकवचन सोडलं नाही. (२०१३पासून मतदानयंत्रावर आलेला नोटा वेगळा. त्याला एकवचन नाहीच.)

माझा आपला एक अंदाज आहे. शब्द आपल्याकडे कधी आला ते त्याच्या अनेकवचनावरून ओळखावं. दोऱ्याचं रीळ, सिनेमाची रिळं. पहिल्या खेपेला आला तेव्हा त्याला आपला ळ मिळाला, नपुंसकलिंग मिळालं, टोपी काढून टिंब घातलं, पार घरचा झाला. आता तोच शब्द मोबाइलमधून दुसऱ्या खेपेला आला तर रील आणि रील्स. तिकिटं, स्टेशनं, टेबलं, इंजेक्शनं हे जुने पागडीचे भाडेकरू. लिंक्स, अपडेट्स, ॲप्स हे अकरा महिन्यांच्या करारावरचे. त्यांना भिंतीला खिळा मारायचीही परवानगी नाही, तर अनेकवचन कुठलं बदलतात!


६_४२_ची_लोकल

आमच्याकडे लेडीज म्हणजे बायका नव्हेतच. लेडीज म्हणजे डबा. "लेडीज कुठे येतो गं?" "मधला लेडीज भरलाय, पुढच्यात चढ." पुल्लिंगी, एकवचनी, आणि पाय ठेवायला जागा नाही.

५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. माझी आई त्या गाडीने जायची. घरी सांगायची, "आज स्पेशल चुकली, मग साध्या लेडीजमध्ये घुसले." त्यातलं कुठलंही इंग्रजी इंग्रजांना कळलं नसतं आणि आम्हाला सगळं कळायचं.

परवा फलाटावर एक ओरडली, "अगं, लेडीजमध्ये एक जेन्ट्स चढलाय!" वेलांटीताई तिथे असत्या तर त्यांनी साखळी ओढली असती. जेन्ट्ससाठी नाही, व्याकरणासाठी.


वेलांटी

ओढली असती, नाकारत नाही.

रोखपाल, पागडीचा मुद्दा पटला. पण मग मोदकाचं काय? तो तर मूळ मालक. त्याला एस लावणं म्हणजे घरमालकाकडून अनामत मागण्यासारखं झालं.

शेंगदाणा, "मीटिंगा" वाचून बरं वाटलं. "हापिसातल्या"बद्दल नंतर बोलू.


जर्सीकर

मोदक्स तुमच्याकडे आता पोचले होय? आमच्याकडे पंचवीस वर्षं आहेत. मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या धाकटीचं वाक्य होतं, "बाबा, मला टू लाडूज अँड थ्री मोदक्स." इथे वाढलेल्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या जिभेवर एस आपोआपच येतो. उन्हाळ्यात माझी आणि बायकोची आई एकदम राहायला आल्या, तर शेजारच्या मुलांना सांगत होती, "बोथ माय आजीज आर हिअर." आजीज! दोघींनाही कळेना, आपल्याला हाक मारली की काहीतरी औषधाचं नाव घेतलं.

पण तीच पोरगी मला सुधारते. मी "तुझा एक शूज दाराबाहेर पडलाय" म्हटलं की लगेच, "बाबा, शू." मग तिला विचारलं, एका पायजम्याला पजामाज का म्हणता गं? आपल्याकडे पायजमा एकच. फारसी पाय आणि जामा, म्हणजे पायाचं वस्त्र, त्यात नाडी एक, माणूस एक. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातून नेला आणि तिकडे पोचेपर्यंत त्याचे अनेक झाले. कात्री आपली एक, त्यांच्या सीझर्स. विजार आपली एक, त्यांचे ट्राउझर्स. आपण शूजला एक केलं आणि त्यांनी पायजम्याचे अनेक केले, फिट्टंफाट.

धाकटीचं उत्तर होतं, "बिकॉज टू लेग्ज." पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.


जुनी_वही

रोखपालांच्या अंदाजात थोडी भर घालतो, आणि वेलांटीताईंचा रोष ओढवून घेतो.

अनेकवचनी परका शब्द आणून त्याला एकवचनी करणं हे मराठीने इंग्रजीपासून सुरू केलेलं नाही. "अहवाल" घ्या. आपण म्हणतो, समितीने अहवाल सादर केला. एकच. मूळ अरबीत हाल म्हणजे स्थिती आणि अहवाल हे त्याचं अनेकवचन. "अफवा" म्हणजे मुळात तोंडं. एक अफवा म्हणजे खरं तर अनेक तोंडं, आणि तसं पाहिलं तर ते चूकही नाही. "असामी" हे इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन. आपण एकट्यादुकट्या माणसाला "बडी असामी" म्हणतो. "नवाब" हे नायबचं अनेकवचन, "उमराव" अमीरचं. अमीर-उमराव म्हणताना आपण एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी बसवतो आणि दोन वेगळी माणसं समजतो. "अवलाद"सुद्धा वलदचं अनेकवचन, तरी एकुलत्या एक कार्ट्याला आपण अवलाद म्हणतोच.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी ही मंडळी टिकून राहिली आणि कोणी त्यांचं मूळचं वचन तपासायला गेलं नाही. आज वेलांटीताई स्वतः "अहवाल आला" लिहितील आणि "अहवाल आले" असं दुरुस्त करणाऱ्याला हसतील.

इंग्रजीचंही घर काचेचंच आहे. अजेंडा हे लॅटिनमध्ये अनेकवचन, स्टॅमिना हे स्टेमेनचं अनेकवचन. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत पीज म्हणत, एकवचनच होतं ते. लोकांना शेवटचा एस अनेकवचनाचा वाटला, म्हणून त्यांनी तो तोडला आणि पी नावाचा दाणा नव्याने तयार केला. चेरीचंही तसंच झालं. आणि चिल्ड्रन हे मुळातच दुहेरी अनेकवचन आहे: आधी चाइल्डचं चिल्डर झालं होतं, लोकांचं समाधान झालं नाही, वर आणखी एन लावला. तेव्हा आपल्याकडे कोणी "चिल्ड्रन्स खेळताहेत" म्हटलं तर तो तिसरा मजला समजावा.


वेलांटी

जुनी_वही, अहवालाला तीनशे वर्षांची तरी मुरवण आहे. मास्तरांच्या लेडीजला नाही. लोणचं आणि काल चिरलेली कैरी यांत फरक करायचा की नाही?

आणि हो, मी अहवालच लिहीन. वाद मान्य नाही, माहिती मान्य आहे. अफवा म्हणजे तोंडं हे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते.


भाषाभान

सगळा काथ्याकूट वाचला. मुळात लेडी की लेडीज हा प्रश्नच का पडावा? बाई म्हणा, महिला म्हणा, स्त्री म्हणा. मराठीला शब्दांची वानवा आहे काय? सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक हे शब्द लोकांनी उचललेच ना? आपणच इंग्रजीला पाट मांडून बसवतो आणि मग तिने वाढून घेतलं म्हणून रडतो.


६_४२_ची_लोकल

टेलरमास्तर "माझ्याकडे एक महिला आल्या होत्या" म्हणाले तर मला वाटेल पंचनामा चाललाय. "एक स्त्री आली होती" म्हणाले तर कवितेची वही लपवून ठेवलीय असं वाटेल.


ऊनपाऊस

भाषाभान, "बाई म्हणा" इतकं सोपं राहिलेलं नाही. बाई हा किती भारदस्त शब्द होता. शाळेतल्या बाई, घराण्याच्या नावापुढची बाई. आता शहरात "बाई आली का?" म्हणजे भांडी घासायला आली का. दुकानदार गिऱ्हाइकाबद्दल "एक बाई आल्या होत्या" म्हणाला तर निम्म्या गिऱ्हाइकांना राग येईल, आणि तो राग कुठून येतो ते आपण सगळे जाणतो. महिला राखीव आसनावर आणि बातमीत. स्त्री भाषणात. मॅडम समोरासमोर हाक मारायला. पाठीमागे, तिसऱ्या माणसाला, एका अनोळखी पण मान राखायच्या बाईबद्दल सांगायचं तर मास्तरांच्या हाती उरतं काय? लेडीज.

आणि वेलांटीताई, तुम्ही मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत ते फार बरं केलंत. पुन्हा वाचा. "एक लेडीज आल्या होत्या, त्यांचं अर्जंट आहे." आल्या होत्या. त्यांचं. क्रियापद अनेकवचनी, सर्वनाम अनेकवचनी, आणि बाई एक. आजोबा जेवले, वहिनी गेल्या, डॉक्टर आले, यांत आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो, आदर म्हणून. मास्तरांच्या लेडीजमधला एस त्याच जातीचा आहे. त्याने त्यांनी बायका मोजलेल्या नाहीत, बाईंना अहो-जाहो केलंय.

उलट करून बघा. "एक लेडी आली होती." कशी वाटते? कुठलीशी, काहीतरी भानगड करून गेलेली, पोलीस जिच्या शोधात आहेत अशी. "एक लेडी आल्या होत्या" तर तोंडात बसतच नाही. जीभ आपसूक लेडीजवर जाते.

तुमच्या शाळेतल्या बाईंचं "एक पेरेंट्स आले होते" हेही तसंच. पोराच्या बापाला अरे-तुरे कसं करणार?

याची दुसरी बाजूही आहे. "डॉक्टर आले" म्हटलं तर एक आले की चार, ते मराठीत कळायला मार्ग नाही. देव-देव, दगड-दगड, डॉक्टर-डॉक्टर. शेवटी आ नसलेला पुल्लिंगी शब्द जागचा हलत नाही आणि आदरार्थी क्रियापदही तेच. म्हणून निवासी डॉक्टर्स संपावर जातात तेव्हा त्यांना एस घेऊन जावं लागतं. तिथे तो खरोखर मोजायचा एस.


मधली_सुट्टी

ऊनपाऊस, टाळ्या! आमच्या शिक्षकखोलीत हेच होतं. "सर आले" म्हटलं की विचारावं लागतं, कुठले सर? की सगळे सर? मग कोणीतरी "सरलोक आले" म्हणतं.

उद्यापासून मी "एक पेरेंट्स आले होते" ताठ मानेने म्हणणार.


शेंगदाणा

सगळं मान्य. पण मग "एक शूज"ला कसला आदर?

स्वतःच उत्तर देतो. गेल्या आठवड्यात घेतलेल्या शूजची किंमत बघितली तर मीसुद्धा त्यांना अहो म्हणतो. हलके घ्या.


पोदेराची_सायकल

गोव्याहून दोन ओळी. पाव आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत पावाचं अनेकवचन पांइश असं काहीतरी नाकातून होतं. आपण पाव घेतला, पांइश त्यांच्याकडेच ठेवला. एक पाव, चार पाव. बटाटा घेतला, त्याचे बटाटे केले. चावी घेतली, चाव्या केल्या. पगार घेतला, त्याचं अनेकवचन करायची वेळ अजून आलेली नाही.

मुद्दा असा, की माल घेताना पिशवी आपली न्यायची.

अवांतर: पणजीच्या एका हॉटेलच्या मेनूत पोयी या आमच्या गोव्याच्या पावाचं "पोयीज" झालेलं वाचलंय. वेलांटीबायनी येऊ नये.


भाषाभान

ऊनपाऊस, "बाई"बद्दलचं पटलं, आणि वाईटही वाटलं. माझी आजी शाळेत बाई होती, गावात अजून "बाईंचा नातू" म्हणतात. तिला कोणी लेडीज म्हटलं असतं तर तिने छडी काढली असती. पण टेलरकडे तीही गेली नव्हती कधी, चोळ्या घरीच शिवायची. तेव्हा माझा नमुना एकच आहे आणि जुना आहे.

तरी एवढं म्हणतो, गिऱ्हाईक हा शब्द आहे. "एक गिऱ्हाईक आलं होतं."


६_४२_ची_लोकल

आलं होतं? नपुंसकलिंगी? मास्तरांचं दुकान बंद पडेल हो.


रोखपाल

आमच्या बँकेत तोच प्रकार. कस्टमर म्हणावं तर परकं, गिऱ्हाईक म्हणावं तर बाजारू, ग्राहक म्हणावं तर पंचायत. शेवटी आम्ही "खातेदार" म्हणायचो. ते गोड होतं. एक खातेदार, शंभर खातेदार, आणि कोणाचंच लिंग विचारायचं नाही.


वेलांटी

दोन दिवस वाचते आहे, मुद्दाम उत्तर दिलं नाही. ऊनपाऊसने माझ्याच वाक्यातून माझी चूक काढली. सत्तावीस वर्षं मी हेच काम केलं, दुसऱ्याच्या वाक्यातलं क्रियापद बघायचं, आणि मास्तरांच्या वाक्यात फक्त एस बघून थांबले. "आल्या होत्या" कानावरून गेलं ते गेलंच.

शूज, रील्स आणि फर्निचर्सबद्दल माझं मत तसूभर हललेलं नाही. मोदक्सबद्दल तर नाहीच नाही. जर्सीकरांच्या धाकटीला तेवढी सूट, कारण दोन लाडू आणि तीन मोदक मागणारी मुलगी मला आवडली.

आता ब्लाऊजचं. आज आणायला गेले होते. दुकानात तीन-चार जणी उभ्या होत्या, मास्तर मशीनवर टीप मारत होते. मला पाहिलं, पाय थांबवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "अगं, ती लेडी आलीय. तिचा निळा ब्लाऊज आण."

सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. आदल्या खेपेला काय चोरून नेलं होतं मी, असं. मुलगी ब्लाऊज घेऊन बाहेर आली, या वेळी तोंड न फिरवता हसली. शिवण सुरेख आहे, अस्तर कुठे ओढलेलं नाही, आत उसवायला दोन बोटं माया ठेवलीय, हुकांची घरं एका ओळीत. काही म्हणजे काही बोट ठेवायला जागा नाही.

पैसे देताना हळूच म्हटलं, "मास्तर, ते लेडीजच बरं होतं."

"बरं," म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.